ओला कचरा आपल्या गॅलरीत

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहतो. ओला कचरा घरीच जिरवायचा, असं उन्हाळ्यात ठरवलं आणि बादलीत खत लावलं. पाऊस सुरू झाल्यावर वास यायला लागला, परवा तर अळ्या दिसल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘आता घरात किडे पाळायचे का?’ बिल्डिंगमध्ये बहुतेक जण सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून देतात. मग मी एकटीनं करून काय फरक पडणार? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी बादली मार्गी लावू. घरात वास येत असताना फरकाबिरकाच्या गोष्टी कुणाच्याच गळी उतरत नाहीत.

वास येतो याचा अर्थ आत पाणी जास्त झालंय आणि हवा कोंडलीय. भाजीच्या देठांत, फळांच्या सालींत पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असतं. सुकलेल्या पानांत कर्ब (कार्बन) असतो. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ३०:१ असलं की जिवाणू नीट काम करतात. हे घरी मोजत बसायची गरज नाही. एक वाटी ओला कचरा टाकला की वर दोन वाट्या चुरलेला पाचोळा टाकायचा, पावसाळ्यात तर थोडा जास्तच. आज सगळी बादली एका घमेल्यात उपसा, त्यात पाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कालवा आणि मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी गळलं तर अजून पाचोळा हवा. मुठीचा गोळा झाला, पाणी गळलं नाही आणि बोट लावताच गोळा फुटला, की जमलं. बादलीला बाजूनं आणि तळाला भोकं आहेत ना? नसतील तर पाडून घ्या. कुणाकडे तयार खत असेल तर ओंजळभर आणून मिसळा, ते विरजणाचं काम करतं. दोन-तीन दिवसांआड खालीवर करत राहिलात तर दीड-दोन महिन्यांत पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागेल.

आता अळ्या. बारीक, पांढऱ्या, वळवळणाऱ्या असतील तर त्या बहुधा घरमाशीच्या. पाचोळ्याचा जाड थर द्या आणि झाकणाखाली सुती कापड बांधा, कमी होतील. पण चपट्या, मळकट रंगाच्या, अंगावर वळ्या असलेल्या आणि मोठ्या होता होता काळपट पडणाऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. त्या मारू नका. खरकटं फस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि त्यांची माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. सासूबाईंना बादलीपाशी बोलवा आणि त्यांच्या माहेरी गोठ्यामागे उकिरडा होता का, ते विचारा. कुठल्या महिन्यात खत शेतात जायचं, वर राख टाकायचे का, हे त्या सांगू लागल्या तर बादली तुम्हा दोघींची होईल. माझ्या अनुभवात घरातलं मोठं माणूस सोबत आलं की हे काम टिकतं.

आणि तुमचा खरा प्रश्न. एका घराच्या बादलीनं शहराचा कचरा संपणार नाही, हे खरंच आहे. पण फरक कुठून मोजायचा? मी तो सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातापासून मोजते. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरी जातात. सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं निवडून विकायचं, हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही. एकाच पिशवीत बांधलेल्या कचऱ्यात हात घातला की कधी काच लागते, कधी वापरलेलं पॅड. तुमच्या घरातून कोरडा, स्वच्छ पुठ्ठा आणि कागदात गुंडाळून खूण केलेलं पॅड वेगळं गेलं, तर फरक त्याच सकाळी पडतो, एका माणसाच्या हाताला. शेजारी काय करतात यावर तो अवलंबून नाही.

पुढचा भाग पुण्यालगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचा. आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथं पडला, विहिरींचं पाणी नासलं आणि तिथल्या लोकांना त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. ओला कचरा ढिगाऱ्यात दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. मला ते रास्त वाटतं. जेवलो आपण, तर सालीही आपल्याच.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषण मात्र देऊ नका. तयार खताची पिशवी समोरच्या घरी तुळशीसाठी द्या आणि त्यांनी विचारलं तर बादली दाखवा. दोन-तीन घरं जमली की खाली पाचोळ्यासाठी एक ड्रम मागा. झाडलोट करणारे तो पाचोळा जाळत असतील, तर ते थांबेल हा वेगळाच फायदा.

आणि बादलीत जाण्याआधीच थोडं अडवा. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात. यातलं निम्मं सासूबाईच शिकवतील.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या रोज साठतात. त्या सुक्या कचऱ्यात टाकल्या की झालं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टाका, पण धुऊन आणि वाळवून. न धुतलेल्या पिशवीला दुसऱ्याच दिवशी वास येतो आणि मग ती कुणी हातात घेत नाही. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकत राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सिंकमधून गटारात जातो आणि परत कुणाच्या हाती लागत नाही. धुतलेल्या पिशव्या ओट्याजवळ दोरीवर चिमट्यानं लावा आणि गठ्ठा झाला की रद्दीवाल्याला विचारा. दुधाच्या पिशव्या बरेच रद्दीवाले घेतात.