मेल परत येतात आणि इंटरनेटवाला म्हणतो, ‘लाइन ओके आहे’

कोपरखैरण्याच्या ऑफिसातून पाठवलेली तुमची कोटेशनं ‘आयपी ब्लॉकलिस्टमध्ये आहे’ (म्हणजे तुमच्या लाइनचा इंटरनेटवरचा पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत आहे) म्हणून परत येतात, हे वाचलं आणि रबाळे एमआयडीसीतलं आमचं दुखणं आठवलं. एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमचा मेल सर्व्हर ऑफिसातच होता. इंटरनेट कंपनीने स्टॅटिक (कायम तोच राहणाऱ्या) आयपीचे वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि गळ्यात मारला आधीच स्पॅमने बदनाम झालेला आयपी. आधीच्या भाडेकरूचे सावकार आपल्या दारात! वर रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावलेला नाही. ती नोंद आयपी ज्याच्या ताब्यात त्यालाच करता येते, डोमेनवाल्याकडे डोकं आपटून उपयोग नसतो. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: ‘सर, मॉडेम बंद करून चालू करा.’ अहो, तक्रार स्पीडची नाहीच! तरी तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’. ब्लॉकलिस्टवाले म्हणणार, आयपींची पूर्ण रेंज अडकलीय, अर्ज प्रोव्हायडरने करावा. प्रोव्हायडर म्हणणार, तुम्हीच बोला त्यांच्याशी.

मी वकील नाही, फॅब्रिकेशनवाला आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण स्पॅमविरुद्ध कायदा शोधायला जावं तर ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) 2018 चे नियम नकोशा कॉल आणि एसएमएसपुरते. 1909 या त्यांच्या तक्रार नंबरवर ईमेलची तक्रार चालत नाही. आयटी कायद्याच्या 66अ कलमात त्रासदायक ईमेल होता, ते सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं. बरंच झालं म्हणा, पालघरच्या मुलींना फेसबुक पोस्टवरून पकडलं तेव्हा हेच कलम लावलं होतं.

स्पॅम पाठवणारा कुठल्या देशात बसलाय कोणाला ठाऊक, पण त्याचा मेल इथल्या ज्या व्हायरस लागलेल्या ग्राहकाच्या लाइनवरून बाहेर पडतो ती कंपनी तर इथलीच आहे ना? घरगुती लाइनवर पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) मुळातच बंद ठेवा, व्हायरस लागलेल्या ग्राहकाला कळवा, अब्यूजच्या (लाइनच्या गैरवापराच्या) तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या, नाहीतर दंड. इंटरनेट कंपन्यांवर एवढी सक्ती हवीच. मेल उघडून वाचायचा अधिकार मात्र त्यांना अजिबात देऊ नये.

तोवर होस्टेड (भाड्याने मिळणाऱ्या) मेल सेवेच्या सर्व्हरमधून, पोर्ट 587 वरून (लॉगिन करून पाठवायच्या मार्गाने) मेल पाठवा. कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं तर डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) जपून ठेवा. आणि ‘पैसे द्या, स्पॅमहॉसच्या यादीतून नाव काढून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना वाटेला लावा, स्पॅमहॉस ही ब्लॉकलिस्ट चालवणारी संस्था त्याचे पैसे घेत नाही.