ओसाड गावं बघायची आहेत? डेनापासून सुरुवात करा

मॅसॅच्युसेट्समध्ये पडकी घरं, फुटक्या खिडक्या बघायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नका. इथे बहुतेक ठिकाणी उरलेत ते तळघरांचे खड्डे. म्हणून आधी नजर तयार करा आणि त्यासाठी डेनासारखी जागा नाही.

बोस्टनच्या पाण्यासाठी क्वाबिन जलाशय बांधला, तेव्हा डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं २८ एप्रिल १९३८ रोजी अधिकृतपणे बरखास्त झाली. साडेसात हजारांहून जास्त मृतांचे अवशेषसुद्धा हलवले. डेनाचा मधला चौक मात्र पाण्याखाली गेला नाही. पीटरशॅम गावाच्या बाजूने जलाशय परिसराच्या गेट ४०पासून जुन्या रस्त्याने पाऊणएक तास चाललात की पोचता. गाडी आत जात नाही, हे उत्तमच. चौकाभोवती दगडी बांधणीचे खड्डे, कुठे कुठे दाराच्या पायऱ्या. पायरीवर उभं राहून समोर बघा. शेजारघर किती जवळ होतं ते लगेच कळतं.

जायचं तर नोव्हेंबरात पानगळ झाल्यावर किंवा एप्रिलमध्ये पालवी फुटायच्या आत. उन्हाळ्यात झाडोऱ्यात खड्डे दिसतच नाहीत, पाय जायची भीती. गोचिडी भरपूर, तेव्हा पँट मोज्यात खोचा आणि परतल्यावर अंग नीट तपासा. शिकारीच्या दिवसांत भगवं जाकीट घाला. कुत्रा नेता येत नाही. काचेचा तुकडा, खिळा, काही उचलू नका. ज्यांना घरं सोडावी लागली त्यांचं तेवढंच तिथे शिल्लक आहे.

पुढच्या खेपेला ग्लॉस्टरजवळचं डॉगटाउन हे असंच ओसाड गाव करा.