पायथॉनमध्ये मराठी नावांचा तक्ता छापला की रकाने वाकडे का होतात?

तालुक्यांची नावं (त्यांत कऱ्हाडही) आणि पुढे रकमा असा तुमचा तक्ता वाकडा छापला जातो, पण तुमच्या कोडमध्ये चूक नाही. नावं इंग्रजीत असताना एलजस्ट(१५) ने, म्हणजे मजकुरामागे स्पेस भरून तो १५ लांबीचा करणाऱ्या फंक्शनने, रकाने सरळ येतात आणि तीच नावं मराठीत घातली की पुढच्या रकमा मागेपुढे सरकतात, कारण एलजस्टला रुंदी कळतच नाही. ते लेन म्हणजे लांबी बघतं, आणि लेन मोजतं युनिकोडचे कोड पॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराला किंवा चिन्हाला दिलेले क्रमांक. एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरातच व्हेरिएबल घालायची पायथॉनची सोय) रुंदी दिलीत तरी आत हेच होतं.

'जत'ची लेन २, तिथे काही बिघडत नाही. 'पुणे'ची मात्र ४ येते, कारण उकार आणि मात्रा हेही स्वतंत्र कोड पॉइंट आहेत. स्क्रीनवर एक खाली लटकतो, एक वर बसते. जागा दोनच घरांची लागते (घर म्हणजे टर्मिनलवर, कोडचं आउटपुट दिसतं त्या खिडकीत, एका अक्षराची जागा). १५च्या रकान्यात एलजस्ट ११ स्पेस भरतं, हव्या असतात १३. म्हणून पुण्याची रक्कम दोन घरं डावीकडे येते.

साधा उपाय म्हणजे डब्ल्यूसीविड्थ ही लायब्ररी. तिचं डब्ल्यूसीएसविड्थ हे फंक्शन मजकूर टर्मिनलवर किती घरं व्यापेल ते सांगतं. १५ मधून तो आकडा वजा करायचा आणि उरलेल्या स्पेस आपण जोडायच्या. मजकुरात टॅब किंवा नवी ओळ शिरली असेल तर ते उणे १ देतं, तेवढं तपासा. तक्त्यासाठी टॅब्युलेट (तक्ते छापणारी लायब्ररी) वापरत असाल तर डब्ल्यूसीविड्थ नुसती इन्स्टॉल करून ठेवा, टॅब्युलेट ती आपणहून वापरतं. पांडास या डेटा हाताळायच्या लायब्ररीमध्ये 'ईस्ट एशियन विड्थ' नावाचा पर्याय दिसेल, पण तो चिनी-जपानी-कोरियन रुंद अक्षरांसाठी आहे. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

एवढं करूनही थोडं वाकडं दिसेलच. उकार, मात्रा, हलन्त, अनुस्वार यांना युनिकोड जागा न घेणारी चिन्हं मानतं. काना, वेलांटी आणि 'को'मधला काना-मात्रा यांना जागा घेणारी. ही दुसरी जात शून्य घरं धरायची की एक, यावर टर्मिनल आणि लायब्ररी यांचं एकमत नसतं. 'कोल्हापूर'ची लेन ९. हलन्त आणि ऊकार सोडले तर ७. पण 'ल्हा' जोडून आला की डोळ्यांना दिसणारी रुंदी आणखी वेगळी.

शिवाय फॉन्ट. कन्सोलास किंवा कुरिअर न्यू यांत देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे सिस्टिम दुसऱ्या फॉन्टमधून ती उचलते, आणि त्या फॉन्टात प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी. तिथे कितीही स्पेस मोजून भरल्या तरी कडा जुळणार नाही.

म्हणून मी स्वतः मराठी रकाना सरळ शेवटी टाकतो. अनुक्रमांक, तारीख, रक्कम आधी, नाव सर्वांत उजवीकडे. शेवटच्या रकान्यामागे स्पेस भरायच्याच नसतात, मग त्याची रुंदी कितीही असो. दोन मराठी रकाने असतील तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा मजकुराचा हट्ट सोडून एचटीएमएल टेबल बनवावं किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) द्यावी. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग (सुरुवातीला ओळखखूण असलेलं यूटीएफ-८) ठेवा, नाहीतर नावांच्या जागी भलतंच काही दिसण्याची शक्यता असते.

रकमांबद्दल: पायथॉनच्या फॉरमॅटमधला स्वल्पविराम १,२३४,५६७ असं छापतो. १२,३४,५६७ हवं असेल तर बेबल लायब्ररीचं फॉरमॅट-डेसिमल वापरा, लोकेल (भाषा-देशाची खूण) 'ईएन-आयएन' देऊन. पण असे स्वल्पविराम असलेला आकडा टॅब्युलेटला मजकूर वाटतो आणि ते तो डावीकडे लावतं. त्या रकान्याला टॅब्युलेटच्या कोलअलाइन या पर्यायात 'राइट' सांगायचं.

तुमच्या यादीत कऱ्हाड आहे म्हणून हेही. 'ऱ' एका कोड पॉइंटचा असू शकतो किंवा 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा दोनांचा. त्यानुसार 'कऱ्हाड'ची लेन ६ किंवा ७. दिसायला दोन्ही सारखे, पण पायथॉनच्या लेखी वेगळे शब्द, आणि तालुकावार बेरीज केलीत तर कऱ्हाडच्या दोन ओळी निघतील. फाइल वाचतानाच युनिकोडडेटामधल्या नॉर्मलाइझने सगळी नावं 'एनएफसी' रूपात आणून घ्या, म्हणजे 'ऱ' सगळीकडे एकाच कोड पॉइंटचा होईल.