चोथा टाकू नका, ताई

प्रश्न : माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सकाळी सफरचंद-गाजराचा रस गाळून देते, तरी अकराला भूक-भूक करतात. दुपारी चपाती बंद करून शाळूच्या तीन भाकरी आणि पातळ आमटी देते. जेवणानंतरची साखर २२० च्या खाली येत नाही. तंतुमय आणखी काय द्यावं?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, आधी तो रस थांबवा. गाळणीत उरलेला चोथा तुम्ही टाकता, आणि कामाचा तोच. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग छापून आला होता. निरोगी माणसांना अख्खं सफरचंद, त्याचा गर आणि गाळलेला रस असं वेगवेगळ्या वेळी दिलं. साखर तिन्ही वेळा सारखीच चढली. पण रसानंतर इन्सुलिन जास्त स्रवलं, पुढे साखर जास्त घसरली आणि पोट सर्वांत कमी भरलं. मिस्टरांना फळ चावूनच खाऊ द्या, तेही एकच.

आता भाकरी. शाळूच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पण न चाळलेल्या कणकेतही जवळपास तेवढेच. त्यामुळे नुसत्या अदलाबदलीने साखर उतरत नाही. तीनच्या दोन करा आणि पातळ आमटीऐवजी उसळ वाढा. तुमच्याकडचा वाघ्या घेवडा असताना दुसरं काही शोधायची गरजच नाही! रात्री भिजत घाला, कुकरला मऊ शिजवा, तेल बेताचं.

मेथीदाणे रात्रभर भिजवून बोटांत चोळून बघा, कसे बुळबुळीत लागतात. मेथी, गवार, कडधान्यं यांतले विरघळणारे तंतू पोटातही असेच फुगतात. मग अन्न जठरातून सावकाश सरकतं, साखर रक्तात हळूहळू जाते आणि पोट बराच वेळ भरलेलं राहतं. कोंड्यातले तंतू मुख्यतः पोट साफ ठेवतात.

ताटात कोशिंबीर-उसळ आधी, भाकरी मागून. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते.

उसळ एकदम वाढवू नका, गॅस धरतो. पहिला आठवडा अर्धी वाटी पुरे, आणि पाणी भरपूर. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा, वही डॉक्टरांना दाखवा. आकडे उतरले तरी गोळी मनाने कमी करायची नाही. घाम किंवा थरथर आली तर लगेच साखर तपासा.