शिफ्ट, संसार आणि वही

रोज पहाटे चारला उठून दोन तास लिहायचं ठरवलंयस, ते आधी सोडून दे बघ. कुपवाडच्या एमआयडीसीत तुझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, घड्याळ कसं पाळणार? डबा खाऊन झाला की पाच ओळी, एवढंच धर.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याकडे दिवाणजी होतो. हळदीच्या हंगामात मान वर करायला फुरसत नसायची. तेव्हा कथा लिहायचा हट्ट मी धरत नसे. कोऱ्या पावतीच्या पाठीवर नुसतं टिपून ठेवायचो: हमालाच्या भुवयांवर बसलेली पिवळी धूळ, विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन तीनतीनदा वाचणारा शेतकरी. पावसाळ्यात काम ओसरलं की त्याच चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसायचं. वि. स. खांडेकर आपल्या सांगलीचेच; १९२० ते १९३८ शिरोड्याला शाळा सांभाळत त्यांनी लिहिलं.

घरच्यांपासून लपवू नकोस. सासूबाईंना सरळ सांग, अर्धा तास लेकराला तुम्ही बघा.

आणि जेलपेन वापरू नकोस. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा जेलपेनच्या वहीचा नुसता निळा डाग उरला. बॉलपेनची पानं दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली, ती आजही वाचता येतात.

संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन असतं. यंदा माझ्याबरोबर चल, वही घेऊन.