वडिलांना पार्किन्सन्स आहे, घरची आंब्याची बाग आहे. हा आजार आनुवंशिक असतो की फवारणीच्या औषधांमुळे होतो? मलाही होईल का?

'आनुवंशिक की औषधांमुळे' यावरून आमच्या घरात अकरा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

देवगडजवळ आमची हापूसची बाग. बाबा आणि काका, दोघांनी मिळून सांभाळली. पालवी फुटली की फवारणी सुरू, मोहर आला की तुडतुड्यासाठी पुन्हा पुन्हा, आणि झाडांखालच्या रानावर पॅराक्वाट हे तणनाशक. पिंपातलं औषध ढवळायला काठी असायची, पण बाबा सरळ हात घालायचे, कोपरापर्यंत. मी पाइप धरून उभा असायचो. त्याच हाताने ते विडी पेटवायचे.

आधी त्यांना वास येणं बंद झालं. अढीत कुठला थर तयार झालाय हे गवत न उचकटता नुसत्या वासावरून सांगणारा माणूस. एका मे महिन्यात पिकलेल्या अढीशेजारी बसून आईला विचारत होते, "अजून वास कसा सुटला नाही?" मग पेट्यांच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलं, ओळीच्या शेवटी मुंगीएवढं. हात कापायला लागला तो त्यानंतर तीन वर्षांनी. तोवर हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

काकांचं म्हणणं एकच: "मियांव औषद मारलंय, माका खंय काय झाला?" आजोबांचाही हात कापायचा, म्हणजे हे रक्तातलंच, औषधाला बोल लावू नका.

हे साफ चूक आहे. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण साधारण अडीचपट निघालं. पुढच्याच वर्षी त्याच लोकांची जीन्स तपासली. शरीरातलं विष निकामी करायला मदत करणारं जीएसटीटी१ नावाचं एक जीन काही जणांत जन्मतःच नसतं. असे पुरुष पॅराक्वाटच्या संपर्कात आले असतील, तर त्यांच्यात धोका कितीतरी जास्त, जवळपास अकरापट दिसला. ज्यांच्यात ते जीन होतं, त्यांच्यात वाढ फारच थोडी. एकच पिंप, एकच औषध, दोन भाऊ, आणि आजार एकालाच, हे असं होऊ शकतं. काका ठणठणीत आहेत याचा अर्थ औषध निरुपद्रवी आहे असा होत नाही.

उलट बाजूही तशीच. एलआरआरके२ या जीनमध्ये दोष घेऊन जन्मलेल्या कित्येकांना हा आजार आयुष्यभर होत नाही. तुमच्याबद्दल सांगायचं तर आईवडिलांपैकी एकाला असेल तर धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट धरतात, तरी बहुतेक मुलांना होत नाही. आजार चाळिशीच्या आत सुरू झाला असेल किंवा घरात बऱ्याच जणांना असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला जीन चाचणीबद्दल विचारा. एरवी त्यात पैसे घालू नका.

मी डॉक्टर नाही. बाबांना नेमका कशाने झाला हे कुणीच सिद्ध करू शकणार नाही, वयही मोठं कारण आहेच. आणि ते आकडे पॅराक्वाटचे आहेत, मोहरावरच्या सगळ्या औषधांना सरसकट लावू नका.

पण हातमोजे घाला. त्याच अमेरिकन गटात जे नीट हातमोजे वापरायचे, त्यांच्यात पॅराक्वाटचा हा वाढीव धोका दिसला नाही. हे मी काकांना तीनदा वाचून दाखवलंय. यंदा पहिल्या फवारणीला नवीन आलेला विशीतला गडी बाही वर सारून पिंपात हात घालायला निघाला. काका समोरच उभे होते, काही बोलले नाहीत. मी पंप बंद केला आणि त्याच्या हातात मोजे चढेपर्यंत सुरू केला नाही.