कृषी सल्ला : जास्वंदीच्या फांद्या, अडेनियमचे बी आणि सोबत येणारा पिठ्या

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत जास्वंदी आहेत. ओळखीच्यांकडून नव्या रंगांच्या फांद्या आणून लावल्या आणि दोन महिन्यांत सगळ्याच झाडांचे शेंडे आखडले, कळ्या गळू लागल्या. देठांवर कापसासारखे काहीतरी दिसते. दोन-तीनदा औषध मारले, तरी पुन्हा येते.

उत्तर : हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. फांदीच्या बेचक्यात एखादी मादी किंवा अंड्यांची पुंजी असली की तेवढी पुरते. तो रस शोषताना लाळ सोडतो, तिच्यामुळे शेंडा वाकडातिकडा होऊन गोळा होतो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. मोठ्या किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून औषध आत पोचत नाही आणि पिशवीतली अंडीही वाचतात. मरतात ती फक्त नुकती बाहेर पडलेली पिल्ले. त्यामुळे एकदा फवारून थांबलात, तर कीड आठवड्याभरात पुन्हा दिसणारच.

आधी कात्री घ्या. आखडलेले शेंडे कापून पिशवीत घालून तोंड बांधा आणि उन्हात टाका. खताच्या खड्ड्यात टाकू नका. मग पाण्याचा जोरदार फवारा बेचक्यांत आणि पानांच्या खालून मारा. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. असे सात-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा करा. भर उन्हात तेल मारले तर पाने करपतात. पावसाळी दमट हवेत कीड मारणाऱ्या लेकॅनिसिलियम बुरशीची पावडर 5 ग्रॅम प्रतिलिटर चांगले काम देते. डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारीची खूण, असलेले औषध गच्चीत आणूच नका. तुमच्या जास्वंदीची फुले देवाला जातात, तिथे मुले खेळतात.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय यातले काहीच टिकत नाही. पिठ्याचा चिकट गोड स्राव खायला त्या येतात आणि बदल्यात मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडीची कड, बूड आणि खालची थाळीही तपासा.

एक सावधगिरी : पिठ्यापेक्षा मोठी, पांढरे झुपके असलेली आणि भराभर चालणारी अळी दिसली तर मारू नका. ती क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळी, पिठ्यालाच खाते. हा किडा 1898 साली मुद्दाम भारतात आणला गेला. बऱ्याच गच्च्यांवर कीड समजून लोक त्यालाच चिरडतात.

पुढच्या वेळी फांदी घेताना मातीसकट घेऊ नका. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, वीतभर फांदी घ्या, पाने काढून निंबोळी-साबणाच्या पाण्यात बुडवा आणि मगच लावा. नवी कुंडी महिनाभर इतरांपासून लांब ठेवा. फांदी देताना तुम्हीही हेच पाळा.

प्रश्न : गावठी लाल जास्वंद सहज फुटते, पण मोठ्या फुलांच्या संकरित जाती फांदीने लागत नाहीत.

उत्तर : त्यांतल्या अनेक जातींची मुळे नाजूक असतात. गावठी लाल जास्वंदीचे रोप तयार करून त्यावर कलम बांधा. त्याच्या मुळांवर संकरित फूल बरे टिकते. कलमाच्या खालून फुटलेला कोंब मात्र काढत राहा, नाहीतर वर्षभरात लाल जास्वंदच उरेल.

प्रश्न : निळ्या अडेनियमचे (डेझर्ट रोजचे) बी ऑनलाइन मागवू का? अडेनियमच्या बियांची देवघेव करता येते का?

उत्तर : निळे अडेनियम नाही. तो फोटो रंगवलेला असतो, निळ्या गुलाबाच्या बियांचेही तेच. अडेनियमचे बी जरूर द्या-घ्या, ताजे असेल तर आठवड्याभरात उगवते, जुने झाले की उगवण घटते. पण बियांपासून आईच्याच रंगाचे फूल येईल अशी खात्री देता येत नाही. नावाच्या जातीला कलमच हवे. तेव्हा पाकिटावर जातीचे नाव लिहून पैसे घेणाऱ्याला आधी विचारा, बी की कलम? छाटणी करताना हातमोजे घाला, चीक विषारी असतो. परदेशातून टपालाने बी मागवायचे, तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते.

प्रश्न : टबमधली जलपर्णी फार वाढली. जांभळी फुले सुंदर आहेत, ओळखीत वाटू का?

उत्तर : वाटू नका आणि ओढ्या-नदीत तर मुळीच सोडू नका. शोभेचे फूल म्हणूनच ती आपल्या देशात आली आणि आज पुण्याची मुळा-मुठा, कोल्हापूरची पंचगंगा तिने भरतात. बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवा, मग आच्छादनाला वापरा. टबात फूल हवेच असेल तर कुमुदिनीचा कंद मागा.